ध्रुवीय प्रकाशाची छायाचित्रे अस्पष्ट का येतात?

प्रश्न
येत्या फेब्रुवारीत आम्ही नॉर्वेतील ट्रॉम्सो येथे पाच रात्री मुक्कामाला जात आहोत. दोन वर्षांपूर्वी आइसलँडमध्ये ध्रुवीय प्रकाश मनसोक्त पाहिला, परंतु घरी येऊन छायाचित्रे मोठी करून पाहिली, तेव्हा प्रत्येकात तारे पसरट ठिपक्यांसारखे आले होते. लेन्सचे कडे अनंताच्या खुणेवर नेऊन ठेवले होते, तरीही असे का झाले? शिवाय डोळ्यांना स्पष्ट दिसलेल्या उभ्या रेघा विरून चित्रात नुसता हिरवा धूर उरला होता. माझ्याकडे एफ/३.५ पासून सुरू होणारी (हा आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त) १८-५५ मिमीची झूम लेन्स आहे. ती बदलावी का?

पहिले उत्तर
आधी फोकस सुधारा, कारण तो चुकला तर रात्रभराची मेहनत वाया जाते. बहुतेक ऑटोफोकस लेन्सचे कडे अनंताच्या खुणेच्याही पुढे फिरते आणि तापमानानुसार नेमकी जागा थोडी सरकते, म्हणून त्या खुणेवर विसंबू नये. ऑटोफोकस बंद करून लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावरील थेट चित्रात, एखादा तेजस्वी तारा दहापट मोठा करावा आणि तो अगदी टाचणीच्या टोकाएवढा होईपर्यंत कडे हळूहळू फिरवावे. व्याध तिथे क्षितिजालगतच राहतो; फेब्रुवारीच्या संध्याकाळी उंचावर असणारा ब्रह्महृदय सोयीचा. मग कड्यावर चिकटपट्टी लावावी, आणि झूम बदलल्यास फोकस पुन्हा तपासावा. लेन्सवरचा यूव्ही फिल्टरही काढून ठेवा, अन्यथा चित्राच्या मध्यभागी एकात एक वर्तुळे उमटू शकतात.

दुसरे उत्तर
रेघा विरण्याचे कारण बहुधा लांबलेले एक्स्पोजर, म्हणजे शटर उघडे राहण्याचा वेळ, असावे. प्रकाशाचा पट्टा संथ असेल तेव्हा १५ सेकंद चालतात, पण प्रकाशाचे पडदे हलू लागले की २ ते ४ सेकंदांवर यावे लागते आणि त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) ३२०० वरून ६४०० पर्यंत नेण्यास कचरू नये. चित्रात थोडे रवाळ कण दिसलेले परवडतात, विरलेली रेघ मात्र परत मिळत नाही. लेन्सचा फरक इथेच पडतो: एफ/२ ची लेन्स तुमच्या लेन्सच्या सुमारे तिप्पट प्रकाश घेते, म्हणजे नऊ सेकंदांचे काम तीन सेकंदांत होते. एका सहलीपुरती ती भाड्याने घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. छायाचित्रे रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये, घ्या. अंधारात कॅमेऱ्याचा पडदा फसवा उजळ दिसतो, म्हणून हिस्टोग्राम (चित्रातील उजेड-अंधाराचा आलेख) पाहावा, त्यातही हिरव्या रंगाचा वेगळा. सुमारे १०० ते १५० किलोमीटर उंचीवरील ऑक्सिजनचा हिरवा प्रकाश इतका प्रबळ असतो की तो रंग सर्वांत आधी जळतो, म्हणजे अतिउजळ होऊन त्यातील तपशील नाहीसा होतो.

तिसरे उत्तर
ट्रॉम्सो ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्याखालीच येत असल्यामुळे केपी निर्देशांक (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातील खळबळीचे ० ते ९ असे माप) १ किंवा २ असला तरी निराश होऊ नका. खरा अडथळा किनाऱ्यावरील ढगांचा असतो. म्हणून एखादी रात्र आतल्या भागातील स्किबोत्न या गावाकडे किंवा त्यापुढे फिनलंडच्या हद्दीकडे जाण्यासाठी राखून ठेवा, कारण आतल्या भागातील हवा अधिक कोरडी असते. जादा बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवाव्यात. परतताना बाहेरच कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिचे तोंड घट्ट बंद करावे आणि खोलीच्या तापमानाला येईपर्यंत ती उघडू नये. मी एकदा घाई केली, तर काचेवर आतून बाष्प धरले आणि दुसरी फेरी हुकली. मेमरी कार्ड तेवढे आधी काढून घ्या, म्हणजे चित्रे पाहण्याच्या ओढीने पिशवी उघडावीशी वाटणार नाही.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. लेन्स भाड्यानेच घेतो. आमच्या पाचपैकी दोन रात्री पौर्णिमेच्या आसपास आहेत. त्या वाया जातील का?

दुसरे उत्तर देणारा
मुळीच नाही. फिका प्रकाश धुऊन जाईल हे खरे, पण चांदण्यात बर्फाचे डोंगर उजळतात आणि एरवी काळीभोर येणारी जमीन चित्रात दिसू लागते. त्या रात्री आयएसओ १६०० पासून सुरुवात करा आणि चंद्र पाठीशी ठेवा.