नागपूरच्या उन्हाळ्यात ब्रिटिश शॉर्टहेअर मांजर झेपेल का? सल्ला हवा

दुपारची_झोप

नमस्कार मंडळी. त्रिमूर्तीनगरला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या-हॉलचा फ्लॅट. घरात मी, नवरा, आठवीतली लेक आणि सासूबाई. लेकीला दोन वर्षांपासून मांजर हवंय आणि तेही ब्रिटिश शॉर्टहेअरच. ते निळसर राखाडी, गोल गालांचं, तांबूस डोळ्यांचं, सदानकदा कोणावर तरी रुसल्यासारखं दिसणारं. परवा एका दुकानात पिल्लू पाहून आलो. पस्तीस हजार सांगतोय. "एकदम प्युअर आहे, कागद नंतर देतो" म्हणाला.

एसी एकाच बेडरूमला, तोही रात्रीपुरता. दिवसा हॉलमध्ये कूलर. आम्ही दोघं नऊ ते सहा बाहेर. सासूबाई घरी असतात, त्यांचा विरोध नाही, पण "मी त्याच्यामागे फिरणार नाही" हे त्यांनी आधीच सांगून ठेवलंय. घरात मांस शिजत नाही, अंडी चालतात. अशा घरात हे मांजर राहील का? केस किती गळतात? आणि मे महिन्यात त्याचं काय करायचं?

महालकर

ताई, पस्तीस हजारात मी वर्षभर सावजी जेवीन. आमच्या वाड्यात पाच फिरून राहिल्या, त्यातली एक घेऊन जा. पिशवी पण माझीच.

बोक्याचा_बाप

महालकर, थांबा ना बाप्पा, त्यांनी विचारलं काय अन् तुम्ही सांगता काय.

ताई, माझ्याकडे सहा वर्षांचा ब्रिटिश बोका आहे, मनीषनगरला, वरच्या मजल्यावर. म्हणजे गच्चीचा सगळा ताप आमच्याच डोक्यावर. त्यामुळे अनुभवाचं सांगतो.

आधी त्या पिल्लाचं. किती दिवसांचं आहे ते विचारलंत का? आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१८ च्या पेट शॉप नियमांत मनाई आहे. माझं विचाराल तर बारा आठवडे ते आईजवळच राहावं, चावायचं किती आणि नखं कधी आत घ्यायची हे ते आई आणि भावंडांकडूनच शिकतं. "कागद नंतर" म्हणजे कागद कधीच नाही. वंशावळीचा कागद नसला तर नसू दे, पण लसीचं कार्ड हवं आणि पिल्लाची आई डोळ्यांनी दिसायला हवी. आई दाखवत नसेल तर तिथून उठा. आणि कान पुढे दुमडलेलं पिल्लू "ब्रिटिशच आहे, जास्त क्यूट" म्हणून गळ्यात मारलं जातं, ते घेऊ नका. ते स्कॉटिश फोल्ड. ज्या जनुकानं कान दुमडतात तेच जनुक सगळ्या अंगातली कूर्चा बिघडवतं, त्या मांजराचे सांधे पुढे आयुष्यभर दुखतात.

आईबापाच्या तपासण्या विचारा असं मी म्हणतो त्याला कारण आहे. या जातीची मांजरं १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या प्रदर्शनात मिरवत होती, पण दोन महायुद्धांत त्यांची संख्या इतकी घटली की वाचवायला पर्शियनशी संकर करावा लागला. पर्शियनकडून मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आजार या जातीत आला. त्याची डीएनए चाचणी होते. दुसरं दुखणं हृदयाचं, स्नायूची भिंत जाड होत जाते, बाहेरून काही कळत नाही. त्याला सोनोग्राफीसारखी इको करावी लागते. माझ्या बोक्याची मी दर वर्षी करतो. आतापर्यंत ठीक आहे.

आता स्वभाव. हे मांडीवरचं मांजर नाही. जवळ बसेल, अंगावर बसणार नाही. उचललं की चारी पाय ताठ करून छताकडे बघत राहतं, कधी सोडता म्हणून. लेकीला कडेवर घेऊन फिरायचं असेल तर आत्ताच समजावून सांगा. मात्र दिवसभर एकटं राहायला याच्यासारखं दुसरं नाही. आरडाओरडा नाही, पडद्यावर चढणं कमी. मी संध्याकाळी दार उघडतो तेव्हा हा जिथे सकाळी होता तिथेच असतो, फक्त कूस बदललेली असते. वाढ सावकाश, तीन वर्षं लागतात. बोका पाच ते आठ किलोपर्यंत जातो, मादी त्याहून बरीच लहान.

केस आखूड आहेत म्हणून गळत नाहीत असं समजू नका. इतके दाट असतात की त्यानं मान वळवली की मानेवरचा कोट मखमलीसारखा फाकतो. आठवड्यातून दोनदा ब्रश, फेब्रुवारी-मार्चमध्ये रोज. काळे कपडे मी सोडलेत.

आणि उन्हाळा. २०१३ च्या मेमध्ये आपल्याकडे ४७.९ ची नोंद झाली होती, हे लक्षात ठेवूनच मांजर घ्या. मांजराचं स्वतःचं तापमान ३८ ते ३९ असतं आणि घाम फक्त पंजांच्या गाद्यांना येतो. बाकी सगळा थंडावा स्वतःला चाटून, थुंकीच्या ओलाव्यावर. खोली ४० च्या वर गेली की नुसता पंखा म्हणजे गरम हवेचा झोत. वाळ्याची ताटी लावलेला कूलर मेमध्ये उत्तम चालतो, कारण हवा कोरडी ठणठणीत असते. खरी परीक्षा जूनच्या मध्यात. पाऊस एकदा पडून जातो, पारा ३८ वर असतो आणि कूलर फक्त घरात दमटपणा भरतो. माझ्या बोक्याला दोन वर्षं त्याच दिवसांत कानामागे गजकर्ण झालं. आता जूनचे ते पंधरा दिवस आम्ही दिवसाही एसी २८ वर ठेवतो आणि बिल भरतो.

एक खूण घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, सासूबाईंना आधी. कुत्रा तोंड उघडून धापा टाकतो ते नेहमीचं. मांजरानं खेळून झाल्यावर नव्हे, नुसतं बसल्याबसल्या तोंड उघडून श्वास घेतला तर ती धोक्याची घंटा. पंजे, कान, पोट साध्या पाण्यानं ओले करा, बर्फ लावू नका, वारा घाला आणि दवाखाना गाठा. "उन्हाळी कट" म्हणून कोणी अंगाचे केस काढायला सांगितले तर ऐकू नका, कातडी भाजते.

पाणी तीन-चार ठिकाणी ठेवा, खाण्याच्या वाटीपासून लांब. तेवढं करूनही आमचा बोका वाट्या सोडून माठाच्या पोटाला पाझरणारं पाणी चाटत बसतो. माठाच्या एका बाजूला जिभेनं घासून गुळगुळीत पट्टा झालाय.

दुपारची_झोप

बापरे, किती नीट लिहिलंत! धन्यवाद. दुकानात फोन केला. पिल्लू चाळीस दिवसांचं आहे म्हणे आणि आई "दुसऱ्या गावाला" आहे. विषय संपला. लेक रडली.

खाण्याचं राहिलं. दूध-पोळी, अंडं, वरण-भात यावर होईल का? आणि एक नाजूक प्रश्न. नणंद बाळंतपणाला येणार आहे, आता पाचवा महिना. सासूबाईंना कोणीतरी सांगितलं की गरोदर बाईच्या घरात मांजर नको.

हिरवीकंच

दूध-पोळीवर मांजर जगतं, निरोगी राहत नाही. मोठ्या मांजराला दुधातली साखर पचत नाही, हगवण लागते. आणि टॉरिन नावाचा घटक त्याला मांसातूनच मिळतो, शरीरात पुरेसा बनत नाही. तो कमी पडला की डोळ्यांचा पडदा आणि हृदय दोन्ही जातात. तुमच्याकडे मांस शिजत नाही तर तयार कॅट फूड घ्या, त्यात टॉरिन घातलेलं असतं. कुत्र्याचं खाद्य स्वस्त म्हणून देऊ नका. उकडलेलं अंडं अधूनमधून चालेल. कांदा-लसणाचं काहीही नको, रक्तपेशी फुटतात.

नणंदेचं: गरोदरपणात ज्याची भीती असते तो टॉक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू मांजराच्या शीतून येतो आणि बाहेर पडल्यावर संसर्ग करण्याजोगा व्हायला त्याला किमान एक दिवस लागतो. म्हणून लिटर, म्हणजे मांजराच्या शी-शूची वाळू, रोज साफ करायचं आणि ते नणंदेनं नाही, दुसऱ्या कोणी. घरातच राहणारं, कच्चं मांस न खाणारं, उंदीर न मारणारं मांजर असेल तर त्याच्यापेक्षा न धुतलेली कोथिंबीर आणि कच्चं-पक्कं मटण जास्त धोक्याचं. तिच्या डॉक्टरांना विचाराच, पण मांजराला हाकलायची गरज नसते.

आणि मांजर येण्याआधी घर तपासा. काळं-पांढरं फिनाईल बंद. मांजर त्या फरशीवरून चालतं, मग पंजे चाटतं, आणि ते पचवायची त्याच्या यकृताची ताकद नसते. कपाटातल्या डांबर गोळ्या बाहेर. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराला मारते, तापातही देऊ नका. कुत्र्याच्या गोचिडांचं मानेवर टाकायचं औषध मांजराला चालत नाही. लिलीची फुलं घरात नकोत, नुसते परागकण चाटले तरी मूत्रपिंडं जातात. तिसरा मजला आहे तर गॅलरीला जाळी हवीच, आणि संक्रांतीच्या आठवड्यात जाळीत अडकलेला मांजा रोज सकाळी काढायचा.

एकटाजीव

जातिवंत मांजर म्हणजे शोपीस. देशी घ्या, आजारी पडत नाही.

महालकर

"देशी आजारी पडत नाही" हे काऊन म्हणता? पहिल्या प्रतिसादात मी गंमत केली, आता खरं सांगतो.

आमचा बोका पिवळा, देशी, चार वर्षांचा. दोन वर्षांपासून नुसतं कोरडं खाद्य, कारण स्वस्त पडते अन् वास येत नाही. एका रात्री पाह्यलं तर हा वाळूच्या टपात बसून. उठला, फिरला, परत बसला. दहा मिनिटांत सहादा. मले वाटलं बद्धकोष्ठ आहे. एका दवाखान्यात नेलं, "गॅस असंल" म्हणून सुई देऊन पाठवलं. घरी आणल्यावर बायकोनं टपातली वाळू हातानं चाळून पाहिली, पूर्ण कोरडी. एक थेंब नाही. पोटाला हात लावला तर लिंबाएवढं टणक काहीतरी, अन् हा गुरगुरला. आजपर्यंत आमच्यावर गुरगुरला नव्हता.

सकाळी सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय कॉलेजात नेलं. लघवीच्या नळीत खडे. तिथल्या डॉक्टरनं नळी घालून काढलेलं पाणी पाह्यलं, चहाच्या रंगाचं. म्हणे, आणखी एक दिवस गेला असता तर वाचला नसता. बोक्याची नळी अरुंद, म्हणून हे बोक्यातच जास्त. आता ओलं खाद्य, त्यातही वरून दोन चमचे पाणी.

ताई, बोका घ्याल तर रोज वाळूतल्या गोळ्या मोजायच्या. देशी असो का विलायती.

बोक्याचा_बाप

महालकर, हे वरच लिहायला हवं होतं मी. अगदी बरोबर.

यातच वजनाचं जोडतो. नसबंदी पाचव्या-सहाव्या महिन्यात करून घ्या, नाहीतर बोका घरभर फवारे मारतो आणि मादी दर दोन-तीन आठवड्यांनी माजावर येऊन रात्रभर ओरडते. पण नसबंदीनंतर भूक वाढते आणि गरज कमी होते. ब्रिटिश मांजर मुळात आळशी, वाटी भरून ठेवली की वर्षात पिंप. माझा ७.८ पर्यंत गेला होता. आता खाद्य किचनच्या काट्यावर मोजून, दिवसातून चार वेळा. साडेसहावर आणायला दीड वर्ष लागलं. उपाशी ठेवून वजन उतरवू नका, जाड मांजर दोन दिवस जेवलं नाही तर यकृतात चरबी साचून जीवावर बेततं.

दुपारची_झोप

तीन आठवड्यांनी परत आले. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकांची बदली झाली, त्यांच्याकडची ब्रिटिश मादी आम्ही घेतली. चार वर्षांची, नसबंदी झालेली, ट्रायकॅट आणि रेबीज या लसींचं कार्ड पूर्ण, ४.३ किलो. पैसे घेतले नाहीत, फक्त दर रविवारी फोटो मागितलाय. गॅलरीला जाळी झाली, फिनाईल गेलं.

पण काल संध्याकाळी आल्यापासून ती दिवाणाखाली आहे. खाल्लं नाही. एकदाच लघवी. लेक दिवाणासमोर पालथी पडून तिच्याशी बोलतेय. घाबरायचं का?

बोक्याचा_बाप

पहिली गोष्ट, लेकीला उठवा तिथून. दिवाणाखालून तिला दिसतोय तो एक मोठा चेहरा आणि दोन टक लावलेले डोळे. खोलीत बसा, पुस्तक वाचा, तिच्याकडे बघू नका.

जुन्या घरचं लिटर आणि तिची जुनी चादर आणली असेल तर दिवाणाजवळ ठेवा, वासानं धीर येतो. ओलं खाद्य कोमट करून बशीत पसरून द्या, गार खाद्याला वास नसतो. खाद्याचा ब्रँड आत्ता बदलू नका, तिकडे खात होती तेच. उद्या संध्याकाळपर्यंत घासभरही गेलं नाही तर डॉक्टरांना दाखवा, वाट पाहू नका.

महालकर

अन् कूलरचा आवाज नवा असंल तिले. आज रात्रीपुरता बंद ठेवून पाहा.

दुपारची_झोप

कूलर बंद केला, एसीच्या खोलीचं दार उघडं ठेवलं. रात्री दोन वाजता स्वयंपाकघरात आवाज झाला म्हणून उठले. बशी साफ. आणि ती ओट्याजवळ मागच्या दोन पायांवर उभी राहून माठ चाटत होती. सासूबाई अंधारात खुर्चीवर बसून बघत होत्या. त्यांना झोप येत नव्हती म्हणे.

सकाळी त्यांनी नवऱ्याला दुसरा माठ आणायला गोकुळपेठला पाठवलंय. हा आता प्यायचा नाही, पण फेकायचाही नाही म्हणतात.