टोयोटा बाळगून असलेल्यांनो, अनुभव सांगा (क्वालिसपासून नव्या इनोव्हा हायक्रॉसपर्यंत, परदेशातल्या पण चालतील)

धागाकर्ता

आमच्या घरात २००७ ची इनोव्हा आहे. परवा साताऱ्याहून येताना खंबाटकीच्या बोगद्याच्या जरा अलीकडे तिचे चार लाख किमी पूर्ण झाले, बायकोने मीटरचा फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला तर दोन मिनिटांत काकांचा फोन, "क्लच कधी टाकला होता रे शेवटचा?" अभिनंदन वगैरे राहिलं बाजूला. मग घरी येऊन या गाडीबद्दल काहीतरी लिहावं म्हणून बसलो आणि लक्षात आलं की अठरा वर्षांत सांगण्यासारखं काही झालंच नाही. कुठे बंद पडली नाही, कधी टोचन करून आणली नाही. जे काही किस्से आहेत ते गाडीत बसलेल्या माणसांचे आहेत.

थोडा इतिहास टाकतो, मला स्वतःला अर्धा माहीत नव्हता. ही मुळात माग बनवणाऱ्यांची कंपनी. साकिची तोयोदा हा सुताराचा मुलगा, त्याने आयुष्यभर मागच सुधारले आणि १९२४ मध्ये असा ऑटोमॅटिक माग काढला की धागा तुटला की तो आपोआप थांबायचा. त्याचे पेटंट हक्क १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनी विकत घेतले. मुलगा किइचिरो याला मात्र गाड्यांचं वेड. १९३६ मध्ये पहिली कार (मॉडेल एए) आणि १९३७ मध्ये वेगळी कंपनी. तोयोदाचं टोयोटा का केलं, तर जपानी लिपीत टोयोटा लिहायला आठ फटकारे लागतात आणि आठ त्यांच्याकडे शुभ. म्हणजे अंकशास्त्र आपल्याकडेच आहे असं नाही :)

भारतात किर्लोस्करांबरोबर आले, तेच आपल्या किर्लोस्करवाडीचे, लोखंडी नांगरवाले. आणि गंमत म्हणजे ही जोडी आधी १९९५ मध्ये कापडाच्या मशिनरीसाठी जमली, गाड्यांची कंपनी १९९७ ची. कारखाना बंगळुरूजवळ बिडदीला, पहिली गाडी क्वालिस, जानेवारी २०००. येऊद्यात तुमचे अनुभव.

ठाणे_ते_राजापूर

क्वालिसचं नाव काढलंत आणि आम्ही गप्प बसणार होय! आमची दहा सीटवाली होती, मागे समोरासमोर बाकं. दहा सीट ही आरटीओची समजूत, आमच्याकडे गणपतीला चौदा जण, त्यात दोन आज्या, एक मखर, आणि टपावर ताडपत्रीखाली माझ्या आत्याने "राहू दे, लागेल" म्हणून घेतलेला मोठा टोप. कशेडी घाटात दरवर्षी ठरलेल्या वळणावर ठरलेल्या भावाला उलटी. दिसायला म्हणाल तर पत्र्याचं कपाट, इंडोनेशियातल्या किजांगचं जुनं मॉडेल आपल्याकडे आणलेलं होतं ते, आणि तेव्हा सगळे नावं ठेवायचे की जपानमधल्या एवढ्या गाड्या सोडून हे काय आणलंय. पण मग एकदा बसले की परत सुमोचं नाव नाही काढलं कोणी.

२६ जुलै २००५ ला ती कुर्ल्यात एलबीएस रोडवर होती. बाबा आणि ड्रायव्हर. पाणी सीटला लागल्यावर ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, खिडकीतून बाबांना बाहेर काढलं आणि दोघं चालत निघाले, घरी पोचले दुसऱ्या दिवशी दुपारी. तिसऱ्या दिवशी गाडीकडे गेलो तर आत चिखल, एक चप्पल (आमची नव्हे) आणि मेलेला मासा. मी मूर्खासारखा चावी फिरवणार तेवढ्यात ड्रायव्हरने हात धरला. पाणी गेलेल्या इंजिनला सेल्फ मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो, हे मला तेव्हा कुठं माहीत! टोचन करून गॅरेजला नेली, ऑइल दोनदा बदललं, एअर फिल्टर फेकला, सगळे सीट काढून आठवडाभर उन्हात. त्यानंतर सात वर्षं चालली, फक्त पावसाळ्यात आत माशाचा वास यायचा तो शेवटपर्यंत गेला नाही.

इचलकरंजीवाला

आमच्याकडे टोयोटा म्हटलं की लोक विचारतात, माग का गाडी? खरंच सांगतोय. वडिलांचे साधे माग होते, धोट्याचे (धोटा म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणारा), खटखट ऐकतच आम्ही मोठं झालो, शांत असलं की झोप लागायची नाही. साध्या मागावर ताण्यातला, म्हणजे उभा, एखादा धागा तुटला तरी माग आपला चालूच, कामगाराचं लक्ष जाईस्तोवर कापडात ही लांब रेघ. मग ओरडाआरडा, जॉबरला (माग दुरुस्त करणाऱ्याला) हाक, कांड्या भरणाऱ्यावर खापर. आता भावाच्या शेडमध्ये टोयोटाचे एअरजेट आहेत, धोटा नाहीच, हवेच्या झोतावर धागा जातो, आणि तुटला की माग जागच्या जागी थांबतो, वर दिवा लागतो. बाहेर गाडी पण त्याच नावाची उभी. धागाकर्त्याने मागाचं लिहिलं म्हणून राहवलं नाही. गाडीबद्दल काय लिहू, चालते.

मस्कतकर

ओमानमध्ये वीस वर्षं काढली. तिथे लायसन्स काढणं म्हणजे दिव्य, ड्रम टेस्टला रिव्हर्समध्ये गाडी ड्रमच्या मधे घालायची, जरा टच झाला की परत पुढची तारीख. मी चौथ्या खेपेला पास, आणि आमच्या बिल्डिंगमधला एक डॉक्टर नवव्या, त्याने पेढे वाटले होते. मग घेतली ती जुनी कोरोला, पांढरी. आखातात पांढरी कोरोला म्हणजे आपल्याकडे पांढरा शर्ट, कोणाला विचारायची गरज नाही.

त्या गाड्यांना १२० च्या वर गेलं की टिंग टिंग वाजायचं. निझवाच्या रस्त्याला मुलगी मागे बसून त्या टिंगटिंगची वाट बघायची आणि वाजलं की "बाबा, आई ओरडेल आता" म्हणायची. २०१४ ला कायमचे रत्नागिरीला परत आलो. आता गाडी १२० ला जायचा प्रश्नच नाही, पण अजूनही मोकळा रस्ता दिसला की कान टवकारतात.

लँड क्रूझर माझ्या साहेबाची होती, वाळवंटात न्यायचा. वाळूत शिरायच्या आधी टायरमधली हवा १५ पीएसआयच्या आसपास उतरवायची, म्हणजे टायर पसरतो आणि रुतत नाही. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं साहेब येडा झाला, चांगली हवा सोडतोय.

नुसताच_वाचक

रिसेल. एवढंच लिहायला आलो होतो. नऊ वर्षं वापरून विकली, घेणारा घासाघीस न करता पैसे देऊन गेला, मलाच रात्रभर वाटत राहिलं की कमी सांगितले.

भोसरीचा_इंजिनिअर

टोयोटा गाडी म्हणून जेवढी माहीत नाही तेवढी भिंतीवरचे बोर्ड म्हणून माहीत आहे. कायझेन (सतत थोडी थोडी सुधारणा), कानबान (माल मागवायची चिठ्ठी), जस्ट इन टाइम. पिंपरी-भोसरी-चाकणमधल्या कुठल्याही शेडमध्ये जा, हे शब्द लिहिलेले दिसणार, खाली पान-तंबाखू थुंकू नये. ताइइची ओनो या माणसाने ही सिस्टीम बसवली. युद्धानंतर पैसा नव्हता, १९५० मध्ये तर कंपनी बुडायलाच आली होती, किइचिरोला राजीनामा द्यावा लागला, मग कोरियन युद्धाच्या ट्रकच्या ऑर्डरींनी तारलं. माल साठवायला पैसाच नाही म्हटल्यावर लागेल तेवढंच, लागेल तेव्हाच आणायचं, हे गरिबीतून आलेलं शहाणपण आहे. आमचे मॅनेजर ते फाइव्ह स्टार हॉटेलात ट्रेनिंग देऊन शिकवायचे तो भाग वेगळा.

त्यातलं 'पाच वेळा का विचारा' मी घरी वापरून बघितलं. माझी कोरोला अल्टिस पेट्रोल, मायलेज अचानक १२ वरून ९ वर. का? छोट्या छोट्या फेऱ्या होतायत. का? बाबा दूध आणायला कार नेतायत. का? स्कूटर चालू होत नाही. का? बॅटरी डाउन. का? बॅटरी आणतो म्हणून मी दोन महिने नुसतं सांगतोय. मूळ कारण सापडलं, बायकोने ते एका 'का' मध्येच सांगितलं असतं.

बे_एरिया_मंडळ

इथे अमेरिकेत नवा आलेला देसी आधी जुनी कॅमरी किंवा कोरोला घेतो, मग सोशल सिक्युरिटी नंबर... उलटं झालं, पण भावना समजून घ्या. मी २००८ मध्ये सेकंडहँड प्रियस घेतली, टोयोटाची हायब्रिड, पेट्रोल आणि बॅटरी दोन्हीवर चालणारी. तेव्हा कॅलिफोर्नियात काही हायब्रिड गाड्यांना पिवळे स्टिकर मिळायचे, एकटा माणूस असला तरी कारपूल लेनमधून (एकाहून जास्त माणसं असलेल्या गाड्यांसाठीची) जाता यायचं, आणि माझी आधीच्या मालकाने स्टिकर लावलेली होती, त्याच्यासाठी मी जास्तीचे पैसे मोजले. रोज सकाळी शेजारच्या लेनमध्ये मर्सिडीज उभ्या आणि मी आपला साबणाच्या वडीसारख्या गाडीतून सुळकन पुढे. २०११ ला ते बंद झालं आणि मी परत जनसामान्यांत.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी चालू केली तर ट्रॅक्टरसारखा आवाज! रात्री कोणीतरी खालून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा भाग) कापून नेला होता. त्यात पॅलेडियम, ऱ्होडियम असले धातू असतात आणि प्रियसवर चोरांचा विशेष लोभ. आता खाली जाळी बसवून घेतलीय, कुत्र्याला पट्टा घालावा तशी.

जाता जाता, फ्रीमाँटला आज टेस्लाचा कारखाना आहे ना, तिथे १९८४ पासून २०१० पर्यंत टोयोटा आणि जनरल मोटर्स मिळून गाड्या बनवायचे. माझ्या पहिल्या रूममेटची कोरोला त्याच कारखान्यातली, घरापासून सहा मैलांवर जन्मलेली.

कौतुक_पुरे

सगळे आरती ओवाळताय म्हणून लिहितो. मी दोनदा शोरूमला जाऊन परत आलो. त्याच पैशात दुसरीकडे सनरूफ, थंड हवेची सीट, मोठा स्क्रीन मिळत होता, मी ते घेतलं आणि सुखी आहे. ग्लान्झा घेणाऱ्यांना तर मला विचारायचंय, ती मारुतीची बलेनोच आहे ना? लोगो बदलून? आणि पांढरी फॉर्च्युनर हा विषयच वेगळा, आमच्या तालुक्यात ती गाडी नसून पद आहे. काच खाली झाली की आधी सोन्याचं कडं दिसतं, मग हात.

ग्लान्झावाली

@कौतुक_पुरे, हो, बलेनोच आहे, आम्ही काय आंधळे आहोत? २०१९ ला घेतली तेव्हा ग्लान्झाला तीन वर्षं एक लाख किमी वॉरंटी होती, बलेनोला दोन वर्षं चाळीस हजार. माझं रोज नाशिक-सिन्नर आहे, हिशोब करा. सासऱ्यांकडे आधी इटिऑस होती, मीटर मधोमध, ते मरेपर्यंत त्यांना पटलं नाही (मीटर, सासरे आहेत अजून, खणखणीत). पण डिकी एवढी मोठी की नणंदेच्या लग्नाचे सगळे आहेराचे बॉक्स एका खेपेत.

संभाजीनगरकर

बिडकीनचं कोणी लिहिलं नाही म्हणून. जुलै २०२४ मध्ये इथल्या ऑरिक सिटीत टोयोटाच्या कारखान्याचा करार झाला, वीस हजार कोटींचा. बिडदीनंतर बिडकीन, नावं पण कशी जुळून आली. तेव्हापासून आमच्याकडे चहाच्या टपरीवर गाड्यांपेक्षा एकरी भावाचीच चर्चा जास्त.

फसलेला

मी २०१० ची इनोव्हा घेतली एका जुन्या गाड्यांच्या डीलरकडून, नाव घेत नाही. दिल्ली पासिंग. तिकडे तेव्हा दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या चालवू देत नव्हते म्हणून स्वस्तात निघायच्या, एनओसी घेऊन इकडे यायच्या, हे सगळं त्याने छान समजावलं. मीटरवर ९८ हजार. घरी आणल्यावर ग्लोव्ह बॉक्सच्या मागे अडकलेली एक सर्व्हिसची पावती सापडली, चार वर्षांपूर्वीची, तिच्यावर २ लाख ६१ हजार! डीलरला फोन केला तर म्हणे "साहेब ती दुसऱ्या गाडीची असेल". नंबर हाच. वर नव्याने रजिस्ट्रेशन, टॅक्स, सहा महिने हेलपाटे. आता भाऊ घ्यायचं म्हणतोय, २०१२ ची आहे एक, महाराष्ट्र पासिंगच. काय बघायचं ते जाणकारांनी सांगा, मी काही सल्ला द्यायच्या लायकीचा उरलो नाही.

शिर्डी_स्टँड

नमस्कार. मी ड्रायव्हर आहे, बोलतोय मी, टाईप पोरगं करतंय. शिर्डी, शिंगणापूर, नाशिक, भीमाशंकर अशी लाइन. २००९ ची इनोव्हा, सहा लाख चाळीस हजार झालेत, इंजिन अजून खोललेलं नाही. दर दहा हजाराला ऑइल, पैसे असो नसो. एका सीझनला घरात अडचण होती तवा मुलीची फी थांबवली, ऑइल नाही थांबवलं, ती अजून बोलून दाखवते (तीच शेजारी बसून हसतीय). हायक्रॉस एकाने चालवायला दिली होती, आवाजच नाही, मला कळंना चालू आहे का बंद, दोनदा चावी शोधली, चावी पण नाही तिला, बटण. पुढच्या चाकावर चालती ती, आपली जुनी मागच्या चाकावर. भरल्या गाडीने घाट चढताना मला आपलीच बरी वाटती, सवय असंल.

फसलेल्या भाऊंसाठी सांगतो. मीटरकडे बघूच नका, ब्रेकच्या पायड्याचं रबर बघा, ड्रायव्हर सीटची कड बघा, गेअरचा गोळा बघा. एक लाखाच्या गाडीचं रबर गुळगुळीत नसतं. टायमिंग बेल्ट कधी टाकला त्याची पावती मागा, पावती नसंल तर टाकलाच नाही समजा, त्याचे पैसे किमतीतून कापा. ऑइलचं झाकण काढून चालू इंजिनवर धूर बघा. आणि बघायला जायचं तर न सांगता सकाळी सात वाजता जा, बोनेटला हात लावा. गरम लागलं तर त्याने तुम्ही यायच्या आधी चालू करून ठेवलीय, चहा प्या आणि निघा.

फसलेला

दादा, लय उपकार. रविवारी सातला जातोय. भावाला अजून सांगितलं नाहीये, तो नऊशिवाय उठत नाही.