चार बाय दोन फुटांच्या जागेत कॅलरी जाळायला काय घ्यावं?

तिसरा_मजला:
नमस्कार मंडळी. पलंग आणि कपाट यांच्या मध्ये चार बाय दोन फुटांची मोकळी जागा आहे, आणि रात्री लेकाची गादी पसरली की तीही जाते. वय ४६, वजन ७२ किलो, उंची पाच फूट. उजवा गुडघा कुरकुरतो. दुखत नाही, पण डॉक्टरांनी उड्या मारायच्या नाहीत असं बजावलंय. वेळ मिळतो तो पहाटे, त्यामुळे आवाज चालणार नाही. खालच्या आजींची झोप आधीच सावध.

खुर्चीत बसून मारायचं छोटं पेडल, मिनी स्टेपर (उभं राहून आळीपाळीने पाय दाबायचं छोटं यंत्र) आणि घरात जागेवरच मारायची घडीची सायकल, एवढ्यावर येऊन अडकले आहे. सायकलच्या जाहिरातीत २० मिनिटांत ३०० कॅलरी लिहिल्यात, स्टेपरवाले त्याहून जास्त सांगतात. कुणाचं खरं मानू? दंड-बिंड कमवायचे नाहीत, कॅलरी जाळायच्या आहेत.

दोरीप्रेमी:
दोरीवरच्या उड्या! खिशात मावते आणि १० मिनिटांत घाम फोडते. तुमच्या वजनाला १० मिनिटांत १२०-१३० कॅलरी कुठेच गेल्या नाहीत. बाकी सगळी यंत्रं शेवटी कपडे वाळत घालायलाच लागतात.

तिसरा_मजला:
अहो, उड्या नकोत असं लिहिलंय की वर. शिवाय आजी!

पाना_पक्कड:
ताई, मी व्यायामाची यंत्रं दुरुस्त करतो. विकत नाही, त्यामुळे माझं पोट तुमच्या खरेदीवर नाही. मोडलं तर आहे.

आधी ते ३०० कॅलरींचं बघू. पेडल मारताना जेवढे किलोज्यूल काम होतं, साधारण तेवढ्याच किलोकॅलरी शरीर खर्च करतं (जाहिरातीतली कॅलरी म्हणजे हीच किलोकॅलरी). एका किलोकॅलरीत ४.१८ किलोज्यूल असतात, पण आपलं शरीर खर्चलेल्या ऊर्जेतली जेमतेम पाव-एक ऊर्जाच पेडलपर्यंत पोचवतं, बाकीची उष्णता होऊन जाते. त्यामुळे दोन्ही आकडे जवळजवळ सारखे येतात. आता २० मिनिटांत ३०० कॅलरी म्हणजे सलग २५० वॉट (वॉट म्हणजे सेकंदाला एक ज्यूल काम). एवढा जोर लावायला सराव केलेला सायकलपटू लागतो. तुम्ही-आम्ही नव्याने सुरू केलं तर ६०-७० वॉट नीट झेपतात. ७० वॉटने अर्धा तास म्हणजे १२५ कॅलरी. आकडा छोटा वाटेल, पण खरा आहे, आणि दम वाढला की तो वाढतो.

स्वस्तातल्या यंत्रांवरच्या आकडे दाखवणाऱ्या पडद्यांना तुमचं वजनही माहीत नसतं. आत एक चुंबक आणि एक सेन्सर, चाक फिरलं की मोजणी. ताण, म्हणजे पेडलचा जडपणा, शून्यावर ठेवून नुसते पाय गरगर फिरवले तरी कॅलरी पळतात. म्हणून घेताना एकच करून बघा: त्याच वेगाने पेडल मारत ताणाची कळ वाढवा. कॅलरींचा वेग बदलला नाही, तर त्या आकड्याकडे पुन्हा बघूच नका.

छोटं पेडल: बसून, टीव्ही बघत, २५ वॉटच्या वर कुणी जात नाही. अर्ध्या तासाला नुसतं बसण्यापेक्षा पन्नासेक कॅलरी जास्त. जोर लावला की ते पुढे सरकतं नाहीतर खुर्ची मागे जाते. आजारपणातून उठलेल्यांसाठी चांगलं आहे, तुमच्या हेतूला नाही.

मिनी स्टेपर: जागेला सगळ्यात सोयीचा, पलंगाखाली जातो. पण त्याचा सगळा जीव दोन तेलाच्या नळकांड्यांत असतो. पाय दाबत गेलो की तेल तापतं, पातळ होतं आणि ताण उतरतो. सुरुवातीला जड वाटणारा स्टेपर थोड्या वेळाने लोण्यासारखा खाली जातो, आपल्याला वाटतं दम वाढला! बऱ्याच स्टेपरांच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं की १५-२० मिनिटांनी थंड होऊ द्या. ते कुणी वाचत नाही, मग तेल गळतं, फरशीवर डाग पडतो आणि मला फोन येतो. (नळकांड्याला लगेच हात लावू नका, चटका बसतो.)

राहिली घडीची सायकल. चुंबकाच्या ताणाची घ्या. यात चाकाला काही घासत नाही, चुंबक जवळ-लांब होतो तसा ताण बदलतो, म्हणून आवाज नाही आणि तापून ताण उतरत नाही. घडी केली की कपाटाच्या कडेला दीड फुटात उभी राहते. गुडघ्यावर उडीसारखा आदळ नाही. माझं मत हिलाच.

रोज_चालणारी:
वॉकिंग पॅड, म्हणजे चालायचा सपाट सरकता पट्टा, का नाही? पलंगाखाली जातो.

पाना_पक्कड:
जातो, पण चालताना त्याची लांबी पसरावी लागते, आणि पट्टाच मुळी सव्वातीन-चार फुटांचा. चार फुटांत तो बसला तरी उतरायला मागे जागा हवी. भिंतीला टेकवून पट्ट्यावर चालणं धोक्याचं. त्यात पावलांची धपधप खाली पोचते. जागा असती तर मीही हेच सुचवलं असतं, कारण चालायला कुणी कंटाळत नाही.

तिसरा_मजला:
पटतंय. पण एक सांगा, आमच्या इमारतीचे जिने चढले तर? फुकटचं काम.

पाना_पक्कड:
जरूर चढा. तीन मजले म्हणजे सुमारे नऊ मीटर, तुमच्या वजनाला एकदा चढून सातेक कॅलरी. अर्ध्या तासाच्या सायकलएवढं करायला असे अठरा फेरे. उतरताना मात्र कुरकुरणाऱ्या गुडघ्याला विचारून.

तिसरा_मजला:
सायकलच मग. माझी उंची पाच फूट, ह्यांचं वजन ९८ किलो. दोघांना चालेल अशी मिळेल?

पाना_पक्कड:
बऱ्याच घडीच्या सायकलींची मर्यादा १०० किलोच्या आसपास असते. त्यांच्यासाठी ११०-१२० लिहिलेली बघा, अगदी काठावरची नको. तुमच्यासाठी सीट सगळ्यात खाली घेऊन बसा, पेडल तळाशी आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला, कंबर एका बाजूला झुकली नाही, तर उंची बरोबर. मग चवडा ठेवून मारलं की गुडघ्यात थोडा बाक राहतो, तेवढाच हवा. सीट खाली राहिली तर गुडघा जास्त दुमडतो आणि कुरकुर वाढते.

आणि जोडताना डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं, ते घड्याळाच्या उलट दिशेने घट्ट होतं. पेडलवर इंग्रजी एल कोरलेलं असतं. आधी हाताने दोन-तीन आटे बसवा, मगच पाना. पहिल्या आठवड्यानंतर दोन्ही पेडलं आणि ती ज्यावर बसतात त्या दांड्यांचे नट पुन्हा आवळा. कट-कट आवाज आला तर चालवत राहू नका. सैल दांडी स्वतःचं चौकोनी भोक खाते, मग ती बदलण्याशिवाय इलाज नाही.

तिसरा_मजला:
ह्यांना दाखवलं. म्हणतात पाना आहे, कोणत्या खोक्यात ते आठवत नाही. मोजपट्टी सापडली, कपाटाकडेची जागा १९ इंच भरते. घडी १८ इंचांची असेल तर निघायला-बसायला पुरेल ना?

पाना_पक्कड:
पुरेल, फक्त पेडलं धरून मोजा. माहितीपत्रकातली रुंदी कधीकधी त्यांच्याशिवाय असते.