पट्ट्या ओल्या चिकटवू नका

जहाजाच्या लाकडी मॉडेलच्या सांगाड्यावर बसवायच्या पट्ट्यांबद्दल "रात्रभर भिजवून ओल्याच चिकटवा" असं कुणीतरी सुचवलंय, त्यातलं 'ओल्याच' मला पटत नाही. मी तेच केलं होतं, तेही नाशिकच्या एप्रिलात. भिजलेलं लाकूड रुंदीत फुगतं, वाळलं की आक्रसतं. दोन दिवसांनी पाहतो तर नाळेजवळ (जहाजाच्या पुढच्या टोकाजवळ) दोन पट्ट्यांमधून पलीकडचा उजेड दिसतोय! डावी बाजू पूर्ण उखडावी लागली.

मुळात लाकूड वाकतं ते उष्णतेने. त्यातलं लिग्निन (लाकडाचे तंतू धरून ठेवणारा घटक) गरम झालं की मऊ पडतं, पाणी नुसतं मदतीला. मिलिमीटर-दीड मिलिमीटरची पट्टी वीसेक मिनिटं भिजली तरी पुरे. मग सोल्डरिंग आयर्नच्या दांड्यावर (टोकावर नको, काळा डाग पडतो) सरकवत हळूहळू वाकवायची. केस सरळ करायचं यंत्र त्याहून झकास, फक्त घरात विचारून घ्या. वाकलेली पट्टी कपड्यांच्या चिमट्यांनी सांगाड्यालाच अडकवून रात्रभर सुकू द्यायची, फेविकॉल दुसऱ्या दिवशी. चिमटे मी रविवार कारंज्यावरून दोन डझन आणले, तेही कमी पडतात. आणि पट्टी रुंदीच्या अंगाने वळवायला जाऊ नका, ती पीळ खाऊन उचकटतेच. नाळेकडे तिला निमुळती तासायलाच हवी.