विषय: टेक्सोमा कॅम्पिंग, लायसन्स लागतं का?

नमस्कार मंडळी,
ऑगस्टमध्ये आम्ही तीन घरं आयझेनहॉवर स्टेट पार्कात दोन रात्री तंबू टाकतोय आणि पोरांना तिथल्या टेक्सोमा तलावातले स्ट्रायपर मासे पकडायचेच आहेत. लायसन्सचं काय करायचं? निम्म्या जणांचा तेव्हा श्रावण, म्हणून फोटो काढून मासे परत सोडून देऊ, चालेल ना?
(फ्रिस्कोहून)

---

अगं, लायसन्सचं सोपंय. टेक्सासच्या स्टेट पार्कात काठावरून किंवा धक्क्यावरून गळ टाकलात तर लायसन्स लागत नाही. बोटीत बसलात की लागतं, १७ वर्षांखालच्या पोरांना नाही, आणि तलावाचा मोठा भाग ओक्लाहोमात म्हणून बोटवाल्यांनी सरळ टेक्सोमाचं वेगळं लायसन्स काढावं, ते दोन्हीकडे चालतं.

पण सोडून द्यायचं म्हणतेस ना, ते ऑगस्टमध्ये नको गं. स्ट्रायपरला गार पाणी लागतं, उन्हाळ्यात तो खोल जाऊन बसतो, तिथून ओढत वर आणला की दमलेला असतो, वरचं पाणी कोमट, त्यात फोटोसाठी मिनिटभर हातात धरायचा. आम्ही एका जुलैत असेच पाच सोडले, शेपटी मारून गेले म्हणून पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि अर्ध्या तासाने त्यातले तीन बोटीमागे पांढरं पोट वर करून तरंगत होते. धाकटी मला विचारत होती, काका, हे झोपलेत का? तेव्हापासून उन्हाळ्यात मी खायला लागतील तेवढेच पकडतो आणि गळ गुंडाळून ठेवतो. मर्यादा माणशी दिवसाला १०, त्यात २० इंच आणि त्यावरचे दोनच.

हा मूळचा समुद्राचा मासा, नदीत चढून अंडी घालणारा. अंडी दोनेक दिवस वाहत्या पाण्यात तरंगत राहावी लागतात, बुडाली की गेली. इथे रेड आणि वॉशिटा नद्यांचा तेवढा लांब प्रवाह मिळतो म्हणून तो आपसूक वाढतो, बहुतेक तलावांत दरवर्षी पिल्लं आणून सोडावी लागतात. असं नशीब फार थोड्या तलावांचं, आपण जपायला हवं.

श्रावणातच जायचं तर पोरांना काठावरून छोटे सनफिश पकडू द्या, गळाचा काटा पकडीने चेपून घ्या, हात ओले करून धरा, लगेच सोडा. बोट नेलीत तर निघताना सगळं पाणी काढून सुकवा, बोटीतल्या पाण्यातून दुसऱ्या तलावांत पसरणारे उपद्रवी झेब्रा शिंपले टेक्सासात २००९ मध्ये पहिल्यांदा इथेच सापडले.

---

काका, वाचून पोरांनीच ठरवलं, ऑक्टोबरात जाऊ, दसरा झाल्यावर. मग खाताही येतील. पण गोड्या पाण्यातल्या माशाला वास येतो म्हणतात?
(फ्रिस्कोहून)

---

वास त्या लाल पट्टीचा गं. कातडं काढलंस की कुशीला मधोमध लाल मांस दिसेल, ते सुरीने कापून टाक, उरलेल्या पांढऱ्याला आगळ, हळद, आलं-लसूण लावून अर्धा तास ठेव आणि रव्यात घोळवून तव्यावर टाक. तवा लोखंडी ने, कॅम्पच्या जाळीवर तुकडे मोडतात.
(प्लेनोची ताई)