सल्ला हवा: पगारपत्रकाचं काम ख्रिस्ती विश्वासाने कसं करावं?

वहीखाते
नमस्कार मंडळी. दर महिन्याला २३० जणांचं पगारपत्रक आणि पुरवठादारांची बिलं माझ्याकडे असतात. बिनचूक झालं तर कुणाला पत्ता नसतो, चुकलं की सगळ्यांना कळतं. जे करायचं ते माणसांसाठी नव्हे, प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा (बायबल, कलस्सै ३:२३), हे पाठ आहे. पण आकड्यांच्या रकान्यांत ते उतरवायचं कसं? अट एकच: दिवसाला १५ मिनिटं. शिबिर, अभ्यासक्रम, नवी पुस्तकं नकोत. नेमकी पद्धत सांगा.

प्रार्थनाघंटा
पहाटे ४५ मिनिटं काढाच. १० मिनिटं स्तोत्र, २० मिनिटं वचन, उरलेली १५ दिवसभराच्या कामांची यादी एकेक करून देवापुढे ठेवायला. १५ मिनिटांत मन स्थिरसुद्धा होत नाही. आणि वर्षातून एकदा तीन दिवसांचं मौन शिबिर. त्याला पर्याय नाही.

ताळेबंद
प्रश्न नीट वाचा हो. १५ मिनिटं म्हटलंय, शिबिर नको म्हटलंय.
वहीखातेताई, तुमच्या कामाला हेतू बाहेरून आणून जोडायची गरजच नाही. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवू नका, असं लेवीय १९:१३ मध्ये आहे. बायबलमधल्याच अनुवाद या पुस्तकात (२४:१५) म्हटलंय, सूर्य मावळायच्या आत द्या, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या पैशावर लागलेला असतो. याकोब ५:४ मध्ये तर अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते आणि ते गाऱ्हाणं देवाच्या कानी जातं. पगार वेळेवर आणि पुरा जाणं, हेच तुमच्या हातून होणारं शेजारप्रेम.
आता पद्धत. मागच्या महिन्याचं पत्रक शेजारी ठेवा आणि फक्त फरक बघा: नवे रुजू, सोडून गेलेले, बिनपगारी रजा, थकबाकी, बदललेले खातेक्रमांक. माणसांची संख्या आणि निव्वळ रकमेची बेरीज पत्रकात आणि बँकेच्या यादीत तंतोतंत एकच हवी. फरकाला ९ ने पूर्ण भाग गेला तर आधी अंकांची अदलाबदल शोधा, ५४ च्या जागी ४५ असली.

रंधा
कारागिरीचं मूळ निर्गम ३१ मध्ये आहे. बायबलमध्ये देवाच्या आत्म्याने भरलेला म्हणून ज्याचं पहिल्यांदा नाव येतं तो संदेष्टा नाही, राजा नाही. तो बसालेल, देवाच्या निवासमंडपाचा (तंबूच्या मंदिराचा) कारागीर: सोनं, चांदी, पितळ, लाकूड, रत्नं यांचं काम करणारा. ३५:३४ मध्ये त्याला आणि त्याचा सोबती अहलियाबला दुसऱ्यांना शिकवण्याचंही दान आहे. म्हणून वहीखाते, तुमची पद्धत लिहून काढा आणि एका नवख्याला शिकवा. जी पद्धत शिकवता येत नाही ती अजून पक्की झालेली नसते.

मार्था
योसेफ विसरलात. उत्पत्ती ४१:३८ मध्ये त्याच्या ठायी देवाचा आत्मा आहे असं आधीच म्हटलंय.

रंधा
ते फारोचं, म्हणजे मिसरच्या राजाचं, बोलणं आहे. निर्गम ३१:३ मध्ये देव स्वतः म्हणतो, मी त्याला भरलं.

मार्था
बरं. पण योसेफाचं कामही धान्याच्या साठ्याचं आणि हिशेबाचं होतं, ते इथे जास्त लागू पडतं.
१५ मिनिटांत बसेल असं सांगते. येशूसंघाचा संस्थापक संत इग्नेशियस लोयोलाच्या आत्मपरीक्षणात पाच पायऱ्या आहेत: आभार, प्रकाश मागणं, दिवसाची उजळणी, क्षमा, उद्यासाठी निश्चय. प्रत्येकी तीन मिनिटं. त्याचाच आणखी नेमका प्रकार असा की एकच दोष निवडायचा, समजा घाईत न तपासता पुढे पाठवणं. सकाळी निश्चय, दुपारी आणि रात्री तो दोष जितक्या वेळा झाला तितके ठिपके. प्रत्येक दिवसाला दोन ओळी. वरची ओळ खालच्या ओळीशी, आजचा दिवस कालच्याशी, हा आठवडा मागच्याशी ताडायचा. बहुतेकांचं फसतं ते एकदम पाच दोष धरल्यामुळे. एकच धरा.

प्रार्थनाघंटा
हे ठिपके आणि बेरजा म्हणजे कृपेवर अविश्वास. २ राजे १२:१५ बघा. मंदिराची डागडुजी करवून घेणाऱ्यांकडे हिशेब मागितलाच नाही, कारण ते विश्वासू होते. मन शुद्ध ठेवा, काम आपोआप शुद्ध होतं.

ताळेबंद
त्याच अध्यायात पाच वचनं मागे जा. १२:१० मध्ये पेटीतला पैसा राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक असे दोघं मिळून मोजतात आणि थैल्यांत बांधतात. पौलसुद्धा देणगी एकट्याने नेत नाही. कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून सोबत माणसं घेतो (२ करिंथ ८:२०-२१). विश्वासू माणसालाही दुसऱ्याची नजर लागते, म्हणून बदललेला खातेक्रमांक एकट्याने कधीही मंजूर करू नका. विनंती ज्या पत्रातून आली त्यातल्या क्रमांकावर नाही, आधीपासून नोंदीत असलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री करा.
आणि निर्गम ३८ कंटाळवाणा म्हणून ओलांडतात, तिथली निवासमंडपाच्या चांदीची जुळवणी करून बघाच (शेकेल आणि किक्कार ही तेव्हाची वजनं). ६,०३,५५० पुरुष, प्रत्येकी अर्धा शेकेल, म्हणजे ३,०१,७७५ शेकेल. एक किक्कार ३,००० शेकेलचा. जमा दाखवली आहे १०० किक्कार आणि १,७७५ शेकेल. खर्च: १०० किक्कारांच्या १०० उथळ्या (तळाच्या बैठका), उरलेल्या १,७७५ शेकेलच्या अडकवायच्या आकड्या, खांबांच्या माथ्यांची मढवणी आणि बांधपट्ट्या. शिल्लक शून्य. हे पवित्र शास्त्रात आहे, आणि हिशेब इथामार याजकाच्या देखरेखीखाली.

रंधा
आणि निर्गम ३६:५-७! कारागीरच येऊन सांगतात की सामान गरजेपेक्षा जास्त झालं, मग मोशे लोकांना आणायचं थांबवतो. उत्तम काम म्हणजे न थांबणारं काम नव्हे. बसालेलच्या नेमणुकीनंतर लगेच, त्याच ३१ व्या अध्यायात, शब्बाथाची आज्ञा येते. संत बेनेडिक्टच्या मठवासीयांसाठीच्या नियमावलीतही प्रार्थनेची खूण ऐकू आली की हातातलं काम तिथेच सोडायचं (प्रकरण ४३). आणि प्रकरण ३१ म्हणतं, मठाची सगळी हत्यारं-भांडी वेदीवरच्या पात्रांसारखी समजायची. संगणकातली फाइलसुद्धा त्यात आली.

मार्था
दोन नजरांचं मी सांगणारच होते. आणि ठिपक्यांबद्दल: क्षमा ही चौथी पायरी आहे, कृपा त्यातच आहे.

वहीखाते
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं ते असं: पहाटेची वेळ नाही, रात्रीचे ठिपकेही नाहीत. माझी १५ मिनिटं मी पगाराची यादी बँकेला पाठवण्याच्या आधी ठेवते आहे. पहिली तीन मिनिटं अनुवाद २४:१५ आणि प्रार्थना. मग १२ मिनिटं फक्त त्या महिन्यात ज्यांचं काहीतरी बदललंय त्यांच्या ओळी, नाव मनात उच्चारत. इतर दिवशी हेच बिलांसाठी. मुदत संपत आलेली बिलं आधी, छोट्या पुरवठादारांची सगळ्यात आधी.

प्रार्थनाघंटा
तीन मिनिटं फारच कमी आहेत. निदान सात करा.

ताळेबंद
वेळ तुमची, तुम्ही ठरवा. पण खातेक्रमांकाची दुसरी नजर या १५ मिनिटांत धरू नका. ती आदल्या दिवशी, दुसऱ्या माणसाच्या सहीने.

वहीखाते
हो, ती आदल्या दिवशीच.