सोफी फुकट मिळतं, पण गॅलरी फुकटात चालत नाही

पीसीआर_नाइटशिफ्ट
काल इथे एकाने लिहिलं की नॉर्वेच्या एनआरके या सार्वजनिक टीव्हीने बुलेटिन आपोआप चालवणारं त्यांचं सोफी हे सॉफ्टवेअर ओपन सोर्स केलंय, म्हणजे कोड सगळ्यांना खुला, स्वीडनच्या एसव्हीटी टीव्हीचं ग्राफिक्सचं कॅस्परसीजी आहेच, तरी आपले मराठी चॅनलवाले ऑटोमेशनसाठी परदेशी कंपन्यांना पैसे मोजतात हा मूर्खपणा, दोन हुशार पोरं बसवा, महिन्याभरात गॅलरीत, म्हणजे बुलेटिनच्या कंट्रोल रूममध्ये, एक माणूस पुरेल. वाचून डोकंच सणकलं. बुलेटिन चालू असताना कधी त्या कंट्रोल रूममध्ये, आमच्या भाषेत पीसीआरमध्ये, उभे राहिलात का? सोफी उतरवून घेतलं की हातात नुसता सांगाडा येतो. रनडाऊनमध्ये, म्हणजे बुलेटिनच्या क्रमवार यादीत, 'पॅकेज' (आधी तयार केलेली बातमी) लिहिलंय म्हणजे चित्र बदलणाऱ्या स्विचरवर काय जायचं, आवाजाचा कुठला फेडर वर करायचा, अ‍ॅस्टन म्हणजे नावाची पट्टी कितव्या सेकंदाला यायची, हे सगळं सोफीच्या ब्लूप्रिंट नावाच्या भागात आपण कोड लिहून सांगायचं असतं, आणि ते प्रत्येक चॅनलचं वेगळं. एनआरके लोकांच्या करावर चालतं, त्यांना स्वतःचे डेव्हलपर परवडतात. आमच्याकडे आयटीचा एक मुलगा आहे, तोच प्रिंटर पण बघतो.

ऑस्लोकर
ते लिहिणारा मीच. सोफीवर २०१८ च्या सप्टेंबरपासून रोजच्या लाइव्ह बातम्या निघतायत, बीबीसीसुद्धा वापरतं, कॅस्परसीजी तर २००६ पासून ऑन एअर आहे. ही काय कॉलेजच्या पोरांची प्रोजेक्टं नाहीत. 'टेक'चं एक बटण दाबलं की कॅमेरा कट होतो, क्लिप सुटते, माइक खाली जातो, पट्टी आपल्या वेळेला येते आणि जाते. सोफीचं लायसन्स एमआयटी, म्हणजे हवा तसा बदला, कुणाला विचारायला नको. तुमच्या महागड्या सिस्टिमचं एक बटण हलवायचं तर कोटेशन मागवावं लागतं ना?

रनडाऊन_राणी
दादा, नॉर्वेचं बुलेटिन आणि आपलं बुलेटिन यात फरक आहे हो. नऊच्या बुलेटिनची पहिली स्टोरी आमच्याकडे आठ अठ्ठावन्नला बदलते. अँकर वाचत असतो तेव्हाच त्याच्या कानात सांगायचं की फोनो (फोनवरून बोलणारा) आलाय, पॅकेज सोड, मग स्विचर पॅनलवरचा माणूस पडद्यावर दोनाच्या चार चौकटी करतो, चाराच्या सहा, आणि कुणीतरी ओरडत असतं की तिसऱ्या चौकटीतला रिपोर्टर अजून चहा पितोय. ठरवून ठेवलेलं रनडाऊन पुढे ढकलणारं सॉफ्टवेअर इथे काय करणार?

ऑस्लोकर
त्यासाठीच त्यात अ‍ॅड-लिब आहेत. चार चौकटी, सहा चौकटी, फोनोची ग्राफिक प्लेट, सगळं बटणावर तयार ठेवायचं आणि रनडाऊनमध्ये नसलं तरी हवं तेव्हा मारायचं. बकेट म्हणून वेगळा कप्पा पण आहे, स्टोरी उडाली तरी त्यातलं राहतं. न वापरताच नाही म्हणायचं हे बरोबर नाही.

सीजी_कामगार
तुम्ही भांडा, पण मराठी अक्षरांचं कुणी बोलणार आहे का? मी होतो त्या चॅनलमध्ये लाखोंची नवी ग्राफिक्स सिस्टिम आली, आणि पहिल्याच दिवशी 'मुख्यमंत्र्यांच्या' या शब्दाचे पाय मोडून तुकडे पडले, पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसली. मग काय, न्यूजरूममधून युनिकोड यायचं, ते आम्ही कन्व्हर्टरमध्ये टाकून जुन्या फॉन्टमध्ये न्यायचं आणि तिथून कॉपी पेस्ट, ब्रेकिंगच्या वेळी हे सगळं पळत पळत. एक अक्षर चुकलं की मेमो ऑपरेटरला. कॅस्परमध्ये एचटीएमएल टेम्प्लेट चालतात, आत क्रोमियम हे ब्राउझरचं इंजिन आहे, त्यामुळे जोडाक्षरं ब्राउझरमध्ये दिसतात तशीच पडद्यावर येतात. माझ्यासाठी ओपन सोर्सचा एवढा एकच मुद्दा खरा आहे.

शुद्धलेखन_सातारा
जोडाक्षरं आली म्हणजे झालं का? मराठी चॅनलवर हिंदी वळणाचे ल आणि श का दिसतात? आणि 'दऱ्या' लिहिताना तो र डोक्यावर रफार होऊन का बसतो, की ते 'दर्या' होतं? शाळेतली मुलं टीव्हीवर बघून तसंच गिरवतात.

पीसीआर_नाइटशिफ्ट
अहो, धागा कशाचा आणि चाललंय काय! ल कसा काढायचा ते दुसरीकडे बोला ना.

सीजी_कामगार
इथेच बोलणार. पडद्यावर चुकीचं गेलं तर शिव्या आम्ही खातो, तुम्ही नाही. आणि ऑटोमेशन आलं की पहिली नोकरी कुणाची जाणार, आमचीच. रनडाऊनमध्ये डेस्कने जे बडवलंय ते एमओएस या न्यूजरूमच्या जोडणीवरून थेट पट्टीत उतरणार, मधे वाचणारं कुणी नाही. एकदा मृताचं आणि आरोपीचं नाव उलटं टाइप झालं होतं, प्ले दाबायच्या आधी मला दिसलं म्हणून थांबलं. हे तुमची ब्लूप्रिंट पकडणार आहे?

रनडाऊन_राणी
हे मात्र खरं आहे. आमच्याकडेही दोनदा सीजीवाल्यांनीच, म्हणजे ग्राफिक्सच्या लोकांनीच, वाचवलंय.

ऑस्लोकर
माणसं काढा असं सॉफ्टवेअर सांगत नाही, मालक सांगतो. बटणं दाबण्यातून सुटलेला माणूस वाचायला बसवा की. आणि महिन्याभरात नाही जमणार तर वर्ष धरा, हवं तर दोन धरा. पण सुरू कधी करणार?

पीसीआर_नाइटशिफ्ट
वाचायला बसवणार म्हणे! इथे टीपीचा, म्हणजे टेलिप्रॉम्प्टरचा, माणूस काढून त्याचं काम इंटर्नला दिलंय. रात्री तीनला प्लेआउट, म्हणजे कार्यक्रम ऑन एअर सोडणारी सिस्टिम, अडकलं तर कंपनीचा माणूस निदान फोन उचलतो, शिव्या तरी घालता येतात. फुकटातल्या कोडला फोन नंबर नसतो. ग्राफिक्सपुरतं कॅस्पर घ्या, एवढं मानतो, तेसुद्धा या सीजीवाल्या भावाच्या वेलांटीसाठी. स्विचर आणि ऑडिओ सोफीच्या हातात द्यायला मी सही करणार नाही.

शुद्धलेखन_सातारा
मग निदान तेवढं तरी नीट करा. टेम्प्लेटच्या पहिल्या टॅगमध्ये भाषा मराठी म्हणून नोंदवलीत आणि फॉन्टमध्ये मराठी रूपं असली तर ल, श आपोआप आपल्या वळणाचे येतात. भाषेचा कोड एमआर. बहुतेक जण हिंदीचा एचआय ठेवतात नाहीतर रिकामं सोडतात.

सीजी_कामगार
हे कुणी सांगितलंच नव्हतं. टिकरची टेम्प्लेट वेगळी असते, तिथे पण टाकावं लागेल ना?

शुद्धलेखन_सातारा
हो, प्रत्येक टेम्प्लेटमध्ये. आणि दऱ्याचा र त्याने सुटणार नाही, तो डेस्कने टाइप करतानाच नुक्त्याचा र (ऱ) घेऊन करायचा.